आदिवासी दालनाच्या दुसऱ्या बैठकीला कोणीच का येत नाही?

आपल्या संग्रहालयातील आदिवासी दालनाच्या फेरमांडणीसाठी आसपासच्या पाड्यांवरून बोलावलेली माणसे पहिल्या बैठकीला आली आणि नंतर फिरकलीच नाहीत, असे आपण लिहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझेही नेमके हेच झाले होते. चाकाच्या खुर्चीसाठी उतरण, पुरेसा उजेड, पाट्यांवर मोठी अक्षरे हे आपण केलेच असेल, म्हणून त्यात शिरत नाही.

आमच्या संग्रहालयात जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यातील, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवण्याच्या उत्सवातील, जुने मुखवटे होते आणि पाटीवर ‘शोभेचा लाकडी मुखवटा’ असे छापले होते. एका आजोबांनी ती पाटी नातवाकडून वाचून घेतली आणि विचारले, “शोभेचा कसला? पूजा केल्याशिवाय हा कोणी तोंडाला लावत नाही.” सगळा मजकूर त्यांच्याबरोबर बसून नव्याने लिहायचा, असे त्याच दिवशी ठरले.

चूक यानंतरची, आणि ती माझी. लेखी मंजुरी हातात नसताना मी प्रवासखर्चाचा व मानधनाचा शब्द देऊन बसलो. अनुदान देणाऱ्या कार्यालयाने प्रत्येकाचे तिकीट मागितले. काळीपिवळी जीपवाला तिकीट देत नाही, एवढे समजावण्यात चार पत्रे खर्ची पडली. त्याच बैठकीला शहरातून आलेल्या तज्ज्ञांचे गाडीभाडे मात्र बिनबोभाट मंजूर झाले. पैसे नऊ महिन्यांनी आले, तोवर आजोबांनी माझा फोन घेणे सोडले होते. मी त्यांच्या जागी असतो तर मीही घेतला नसता.

माझा अनुभव एकाच संग्रहालयाचा आहे आणि हिशेबाचे नियम संस्थेगणिक बदलतात, हे धरूनच पुढचे वाचावे. मानधन तज्ज्ञांइतकेच असावे आणि बैठकीच्या दिवशीच हातात पडावे. तिकिटाऐवजी सहीचे वा अंगठ्याचे प्रमाणपत्र चालेल का, हे हिशेबनिसाकडून आधी लेखी घ्यावे. उद्घाटनाला तारपा वाजवायला बोलावणे आणि छायाचित्र अहवालाला जोडणे, याला सहभाग म्हणणे मला तरी पटत नाही. भोपाळला २०१३ मध्ये सुरू झालेल्या जनजातीय संग्रहालयात दालने घडवण्याचे कामच आदिवासी कलावंतांनी केले आहे. जमल्यास आपल्या विश्वस्तांना एकदा तेथे न्यावे.

भातलावणीच्या दिवसांत बैठक ठेवू नये. आणि पाट्या निदान पहिले वर्षभर पुठ्ठ्यावर, पेन्सिलीने लिहून लावाव्यात, म्हणजे कोणी चूक दाखवली तर ‘आता छापून झाले’ हे उत्तर देण्याची वेळ येणार नाही.