स्वतःचं चित्र काढताना: आरसा, प्रकाश आणि बाईपण

पहिली पाच-सहा स्केचेस फोटोवरून नको, आरशावरूनच करा. फोन हातभर अंतरावर धरला की नाक मोठं येतं, कान मागे जातात. फोटो लागलाच तर कॅमेरा दीड-दोन मीटरवर ठेवून टायमर लावा, आणि ब्युटी फिल्टर बंद आहे ना, तेवढं बघा.

आरसा डोळ्यांच्या उंचीवर हवा. प्रकाश एकच, बाजूने, साधारण ४५ अंशांतून. दोन दिवे लावले की सावल्या एकमेकींना खातात आणि चेहरा सपाट होतो. डोकं हललं की मापं बिघडतात, म्हणून आरशावर हनुवटी आणि कपाळाच्या जागी चिकटपट्टीच्या खुणा करा. २०-२५ मिनिटांनी थांबा. बहुतेक आत्मचित्रं रागावलेली दिसतात ती एकाग्रतेने आक्रसलेल्या भुवयांमुळे. भुवया आणि ओठ अगदी शेवटी, चेहरा सैल सोडून रंगवा.

आता खरा प्रश्न. हात सवयीने जबडा निमुळता करतो, डोळे मोठे करतो, हनुवटीखालची घडी गाळतो. हे कुणाच्या नजरेसाठी? गाळलेल्या गोष्टींची यादी करा आणि पुढचं चित्र तिच्यावरच बेता. बांगडी, कुंकू, ओढणी ही चिन्हं एका वेळी एकच घ्या. चार घेतली की वेशभूषा उरते, माणूस हरवतं. जे दिसतं तेवढंच काढायचं असंही नाही. जर्मन चित्रकार पाउला मोडरसोन-बेकरने १९०६ मध्ये स्वतःला गर्भवती रंगवलं, तेव्हा ती गर्भवती नव्हती.