‘मुलाँ रूज’ नऊ वर्षांच्या मुलीला दाखवावा का?

आपण विचारले आहे की, सोसायटीच्या गणेशोत्सवात मुलींनी ‘मुलाँ रूज’ या २००१ सालच्या इंग्रजी संगीतपटातील गाण्यावर नाच केला आणि तेव्हापासून आपल्या नऊ वर्षांच्या मुलीने पूर्ण चित्रपट पाहण्याचा हट्ट धरला आहे, तर तो दाखवावा का. माझे मत असे की एवढ्यात दाखवू नये. तेरा-चौदाव्या वर्षी मात्र शेजारी बसून जरूर दाखवावा.

बहुतेक पालकांची नजर आधी कपड्यांवर जाते. कॅनकॅन या फ्रेंच नाचातले उडते झगे आणि जाळीदार मोजे यांची मला फारशी काळजी वाटत नाही, कारण लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमांत मुली असे नाच पाहतच असतात. अडचण कथेत आहे. सॅटीन ही १९०० च्या सुमाराच्या पॅरिसमधील नाचघराची मुख्य नर्तिका असून तिचा सहवास पैसे घेऊन विकला जातो. नाचघरात बसवल्या जाणाऱ्या नाटकाला पैसे पुरवणारा ड्यूक, म्हणजे एक श्रीमंत उमराव, त्या बदल्यात नाचघराची कागदपत्रे आणि सॅटीन या दोन्हींवर हक्क मागतो आणि मालक ते कबूल करतो. पुढे ड्यूक तिच्यावर बळजबरी करू पाहतो, तेव्हा पार्श्वभूमीला टँगो चालू असतो. हे सारे इतक्या झगमगाटात घडते की लहान मुलाला झगमगाट आवडतो आणि त्यामागचा सौदा, न समजता, त्याच्याबरोबरच मनात शिरतो.

दोन वर्षांपूर्वी पार्ल्याच्या घरी मी हा चित्रपट अकरा वर्षांच्या भाचीबरोबर पाहिला. मध्येच तिने विचारले, “मावशी, त्याने नाटकाला पैसे दिले, मग हिने त्याच्याबरोबर जेवायला का जायचं?” मी चित्रपट थांबवला आणि पुढचा अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. तिला ते पेलले. नवव्या वर्षी पेलले असते असे मला वाटत नाही.

तिला खरी भीती मात्र वाटली ती टीबी झालेल्या सॅटीनच्या रुमालावरच्या रक्ताची, आणि याचा मी आधी विचारच केला नव्हता. भाचीच्या मजल्यावरच्या एका काकूंची तेव्हा टीबीची औषधे चालू होती. रात्री अंथरुणात तिने हळूच विचारले, “काकूपण मरणार का?” टीबीचा जंतू १८८२ मध्ये सापडला, पण त्यावरचे पहिले प्रभावी औषध १९४० च्या दशकात आले, म्हणून सॅटीनला वाचवणे तेव्हा कुणाच्याच हाती नव्हते, आज साध्या टीबीवर साधारण सहा महिने न चुकता औषधे घेतली की बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात, हे मी तिला समजावले. मुंबईत हा आजार कुणाला परका नाही, त्यामुळे दाखवाल तेव्हा हे आधीच सांगून ठेवावे.

प्रमाणपत्राचा आधार घ्यावा, पण तेवढ्यावर विसंबू नये. अमेरिकेत या चित्रपटाला पीजी-१३ असा दर्जा आहे, म्हणजे तेरा वर्षांखालील मुलांबाबत पालकांना सावधगिरीचा इशारा. आपल्याकडे २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन गट झाले, पण ते पालकांना सल्ला म्हणूनच आहेत, वयावरून कायद्याने प्रवेश अडतो तो फक्त ‘ए’ला. त्यामुळे आपण आधी एकट्याने पूर्ण चित्रपट पाहणे याला पर्याय नाही.

तोवर मुलीला अगदी नाही म्हणण्याचीही गरज नाही. हिरव्या मद्याचे दृश्य वगळून निवडक गाणी दाखवता येतील. चित्रपटातील नाटक हिंदुस्थानात घडते, त्यात महाराजा आहे, गरीब सतारिया आहे, आणि एका गाण्यात १९९८ च्या ‘चायना गेट’मधले ‘छम्मा छम्मा’ ऐकू येते. भाचीने तो तुकडा ओळखला आणि चार वेळा मागे नेऊन ऐकला.