ब्रह्मकमळ आणि लाल ऑर्किड कॅक्टसच्या कोवळ्या फांद्या ऐरोलीत, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये कशा लावाव्यात? फूल यायला किती वर्षं लागतात?

तुम्ही लिहिलंय की फांद्या नुकत्याच मिळाल्यात, जून लागलाय, सहावा मजला आहे आणि ऊन फक्त दुपारनंतरचं. पांढऱ्या फुलाचं ब्रह्मकमळ, म्हणजे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, नीट सांभाळलं तर साधारण दोन ते तीन वर्षांत फुलतं. लालचा भरवसा मी देणार नाही. कारण पुढे येईलच.

आधी घाई थांबवा. पावसाळ्यात काहीही खोचलं तरी जगतं, हा आपल्याकडचा समज जास्वंदीला ठीक आहे, या झाडाला नाही. हा निवडुंग मूळचा दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांतला. तिथे तो झाडांच्या खोडांवर, फांद्यांच्या बेचक्यांत साठलेल्या पालापाचोळ्यात वाढतो. मुळांना ओल मिळते, पण पाणी साचत नाही आणि हवा सतत खेळती असते. ताजा काप ओल्या मातीत गेला की बुरशी आत शिरते आणि फांदी बुडापासून काळी पडत वर सरकते. आपल्याकडे या फांद्या मरतात त्या बहुतेक अशाच.

फांदीकडे नीट बघा. जी पानं वाटतात ती चपटी खोडंच आहेत. मधली शीर टणक आणि रंग गडद असेल तर फांदी तयार आहे. शेंडा फिकट, चकचकीत, वाकवला की सहज वाकणारा असेल तर तो चार-पाच सेंटिमीटर कापून टाका, तो कुजणारच. उरलेली फांदी 15 ते 20 सेंटिमीटर असली की पुरे. धारदार, स्पिरिटने पुसलेल्या ब्लेडने खालच्या टोकाचे दोन्ही पंख तिरके छाटा, म्हणजे मधली शीर टोकासारखी पुढे राहील. मुळं मुख्यतः तिथूनच फुटतात. वरचं टोक कुठलं ते पेनने खूण करून ठेवा, उलटी लावलेली फांदी नीट वाढत नाही. मग कागदावर आडवी ठेवून सावलीत वाळवा. कोरड्या दिवसांत आठवडा पुरतो. जूनच्या दमटपणात मी बारा ते चौदा दिवस सांगेन, तेही पंख्याची हवा लागेल अशा खोलीत. कापाची जागा पांढुरकी, कडक झाली आणि नख लावल्यावर ओल लागली नाही की ती लावण्याजोगी झाली. तोवर फांदी थोडी सुरकुतली तरी बिघडत नाही.

नर्सरीतली लाल माती नको. दोन पावसांत ती घट्ट बसते आणि मुळं गुदमरतात. दोन भाग कोकोचिप्स (नारळाच्या सालीचे तुकडे), एक भाग चाळलेलं गांडूळखत किंवा कुजलेला पालापाचोळा, एक भाग पर्लाइट (हलके पांढरे खडे) आणि मूठभर लोणारी कोळशाचे तुकडे असं मिश्रण करा. पर्लाइट नसेल तर विटांचे चण्याएवढे तुकडे चालतात, भुकटी नको. कोकोचिप्समध्ये क्षार असतात, म्हणून रात्रभर भिजवून दोन-तीन पाण्यांतून काढा. कुंडी चार इंची, बुडाला चार-पाच भोकं असलेली. मोठ्या कुंडीत न वापरलेली ओल तशीच राहते आणि झाडही आधी मुळं वाढवत बसतं, फुलाकडे वळत नाही. प्रत्येक फांदी तीन-चार सेंटिमीटर आत, काठीला सैल बांधून. पहिला आठवडा पाणी नाही, त्यानंतर वरचा थर कोरडा झाला की थोडं थोडं. चार ते सहा आठवड्यांत हलकेच ओढून बघितलं की फांदी धरून ठेवल्यासारखी वाटते; मुळं आली. मुळं येण्याआधी खत देऊ नका.

तुमची पश्चिमेची ग्रिल दोन ऋतूंत त्रास देईल. एप्रिल-मेमध्ये दुपारी दोननंतरचं ऊन फांद्या पिवळट-तांबूस करतं, जास्त झालं तर पांढरे, कोरडे चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. 50 टक्के शेडनेट लावा. पावसाळ्यात वारा त्याच बाजूने येतो, त्यामुळे सर थेट कुंडीत. जून ते सप्टेंबर कुंडी ग्रिलच्या आत, पत्र्याखाली ओढून घ्या, पण उजेड कमी होऊ देऊ नका. उजेड कमी पडला की फांद्या दोरीसारख्या बारीक आणि लांब वाढतात. अशांवर फूल धरत नाही.

मुळं धरल्यावर पाणी बोटाने ठरवायचं: पहिलं पेर कोरडं लागलं की भरपूर, खालून निथळेपर्यंत, आणि ताटलीतलं पाणी ओतून द्यायचं. वाळवंटी निवडुंगासारखं हे महिनाभर कोरडं ठेवायचं झाड नाही. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी खपली जमते. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. जमलं तर पावसाचं पाणी साठवा.

वाढीच्या दिवसांत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं विद्राव्य खत), लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. फेब्रुवारीपासून ते थांबवून 0:52:34, म्हणजे नत्र नसलेलं, त्याच प्रमाणात. नुसतं शेणखत आणि युरिया देत राहिलात तर झाड हिरवंगार होईल आणि तसंच राहील. डिसेंबर-जानेवारीत खत बंद, पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा.

आता छाटणीचं. दुसऱ्या वर्षी झाड अस्ताव्यस्त दिसायला लागतं, लांब गोल दांडे बाहेर पडतात, आणि घरातलं कोणीतरी कात्री घेऊन येतं. अडवा त्यांना! कळ्या येतात त्या आधीच्या वर्षीच्या, पक्व झालेल्या चपट्या फांद्यांच्या खाचांतून. त्या कापल्या म्हणजे पुढचा हंगाम कापला. गोल दांडा दोन-तीन फूट झाला की फक्त शेंडा खुडा, बाजूने चपट्या फांद्या फुटतील.

लाल फुलाचे संकर बहुधा डिसोकॅक्टस प्रजातीतल्या निवडुंगांशी जोडलेले असतात. कळी धरायला त्यांना हिवाळ्यात काही आठवडे 10 ते 15 अंशांच्या रात्री हव्या असतात. पुणे-नाशिकला ते जमतं. ऐरोलीत जानेवारीतही रात्री बऱ्याचदा 17-18 च्या वरच राहतात. तरी प्रयत्न करायचाच तर हिवाळाभर कुंडी रात्री उघड्या हवेत, पाणी कमी, आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब. कळ्या आल्याच तर वसंतात येतील. दोन्हीपैकी एकालाच जागा असेल तर मी पांढरं ठेवेन.

पांढऱ्याला कळ्या साधारण मे-जूनपासून, पावसाळाभर टप्प्याटप्प्याने येतात. खाचेत आधी लालसर टिंब दिसतं, तीन-चार आठवड्यांत कळी तयार होते. तेव्हापासून कुंडी हलवू किंवा फिरवू नका, पाण्यात खंड पाडू नका, एकदम ओतूही नका. कळ्या गळतात त्या मुख्यतः याच कारणांनी. लोंबणाऱ्या देठाने वरच्या बाजूला बाक घेतला आणि कळीचं टोक फुगून बाहेरच्या तांबूस पाकळ्या सैल झाल्या की त्याच रात्री आठ-नऊच्या सुमारास फूल उघडायला लागतं. मध्यरात्री पूर्ण उमलतं, सकाळी मान टाकतं. घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

किडींत पिठ्या ढेकूण सर्वात चिवट. मुंग्या चढताना दिसल्या की खाचांत आणि बुडाशी पांढरा कापूस शोधा. थोडा असेल तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. जास्त असेल तर लिटरला पाच मिली नीम तेल आणि चार थेंब साबण, संध्याकाळी, आठवड्याने पुन्हा. पावसाळ्यात गोगलगायी कोवळे शेंडे खातात. रात्री टॉर्च घेऊन वेचा. बुडाशी येणारी तपकिरी, बुचासारखी साल हा रोग नाही, वयाने येते. काळा, मऊ डाग मात्र निरोगी हिरव्या भागापर्यंत कापून दालचिनीची पूड लावा.

कुंडी बदलायची ती फुलं संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, एकच माप मोठी: चारवरून सहा इंची. त्यानंतर मुळं भोकांतून बाहेर डोकावेपर्यंत हात लावू नका.