पहिल्यांदा नॅस (घरच्या नेटवर्कला जोडायचं फाइली साठवायचं यंत्र) घेताय? मग हे बघा
दोन डिस्कचा घ्या, पण रेड १ (दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणं) म्हणजे बॅकअप नव्हे. एका डिस्कवरून फाइल उडाली की त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. लग्नाच्या फोटोंचा अख्खा फोल्डर मी असाच घालवलाय. म्हणून स्नॅपशॉट (फाइलींची त्या-त्या वेळची स्थिती जपून ठेवणारी सोय) पहिल्याच दिवशी चालू करा, आणि महत्त्वाचं तेवढं यूएसबी डिस्कवर काढून ती दुसऱ्या घरी ठेवा.

डिस्क सीएमआरच (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) घ्या. एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) असली की रीबिल्ड, म्हणजे बिघडलेली डिस्क बदलल्यावर नवीवर डेटा भरणं, रडतखडत चालतं. पहिला बॅकअप केबल लावूनच: गिगाबिट लॅनवर सेकंदाला साधारण ११० एमबी, म्हणजे १ टीबीला अडीच-तीन तास. वायफायवर बसाल वाट बघत. नॅस बाहेरून दिसावा म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडू नका. बाहेरून लागलंच तर व्हीपीएन (घरच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी). आणि अधूनमधून एखादी फाइल परत आणून खरंच उघडते का बघा.