बाखच्या खाली पेन्सिलीने लिहा

'अकरा वर्षांची लेक जर्मन संगीतकार बाखचा सी मेजर प्रिल्युड ही छोटी रचना मनानेच जॅझसारखी वाजवते. शिक्षिका म्हणतात हात बिघडेल. आम्हा दोघांना पियानोतलं ओ की ठो कळत नाही. कोणाचं ऐकायचं?' असं विचारलंत, ताई. जीव वरखाली होणारच. आपल्याला जे शिकायला मिळालं नाही, ते पोटाला चिमटा काढून आपण पोरांना देतो.

पण तो 'बिघडेल' शब्द घरात पुन्हा नको. फ्रेंच पियानोवादक झाक लुसिए यांनी १९५९ मध्ये बास आणि ड्रम्स सोबत घेऊन हाच बाख जॅझमध्ये आणला. ते रीतसर शास्त्रीय पियानो शिकलेले होते. आणि खुद्द बाख आयत्या वेळी सुचेल ते वाजवण्यात पटाईत होता.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तिला कॉर्ड, म्हणजे एकत्र जुळणारे स्वरांचे गट, ओळखता येतात का? माझ्या मुलाने पोलिश संगीतकार शोपँच्या ई मायनर प्रिल्युडची छापील जॅझ मांडणी तीन महिने घोकली. एकही स्वर चुकत नव्हता, आणि तरी त्यात जीव नव्हता. 'इथे हाच स्वर का?' विचारलं, तर गप्प. मग मूळ प्रिल्युड काढला. सुरुवातीला उजवा हात बी आणि सी याच स्वरांवर घुटमळतो, डाव्या हाताचे कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली सरकतात. प्रत्येक बारखाली, म्हणजे मात्रांच्या प्रत्येक घराखाली, त्याने पेन्सिलीने कॉर्डचं नाव लिहिलं. चौथ्या दिवशी कॉर्डमधला सगळ्यात खालचा एक स्वर स्वतःच बदलून ओरडला, "आई, ऐक ना!"

तुमच्या लेकीलाही हेच करायला लावा. बाखच्या १७२२ च्या त्या प्रिल्युडमध्ये दुसऱ्या ते चौथ्या बारमध्ये डी मायनर सेव्हन, जी सेव्हन आणि सी येतात. जॅझवाले दिवसरात्र वाजवतात तो टू-फाइव्ह-वन, म्हणजे सप्तकातल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्डचा क्रम, हाच! आधी मूळ, मग नुसते कॉर्ड, मग ठेका. ठेका आणि कॉर्ड एकाच दिवशी बदलू देऊ नका, दोन्ही हातचे जातात.

  

आणि ताई, 'आम्हाला कळत नाही' म्हणून शिकवणीबाहेर गाडीत बसून राहू नका. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. पेन्सिलीने लिहिलेला तो कागद घेऊन लेकीबरोबर आत जा आणि शिक्षिकेला आधी तो दाखवा.