वीस माणसांचं नाताळचं जेवण 7,000 रुपयांत बसेल का? माझं उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. परभणीला तुमच्या घरी यंदा पहिल्यांदाच सासर-माहेर मिळून नाताळच्या दुपारी वीस माणसं जेवायला येणार. त्यात सहा लेकरं, शेजारच्या दोघी शाकाहारी, आणि हातात 7,000 रुपये. यादीत तुम्ही मटण, चिकन बिर्याणी, तळलेले मासे, चिकन सिक्स्टी-फाइव्ह, पुऱ्या, दोन भाज्या, खीर, गुलाबजाम, केक, आइस्क्रीम आणि कोल्ड्रिंक धरलंय. बेरीज 11,000 च्या पुढं गेली, म्हणून विचारताय की काय कमी केलं म्हणजे लोक नावं ठेवणार नाहीत.

बसतं. पदार्थ कमी करा, वाढप कमी करू नका. मी जालन्याची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि त्यातले बहुतेक नाताळ माझ्याच घरी झाले, तेव्हा हे अनुभवाचं सांगते.

आमच्या चौथ्या की पाचव्या नाताळाला मी तुमच्यासारखीच यादी केली होती. नऊ पदार्थ. पैसे सगळ्यांत थोडे थोडे वाटले गेले आणि मटण आलं दोन किलो. माणसं होती बावीस. पहिल्या पंगतीला पुरुष आणि लेकरं बसली, दुसऱ्या पंगतीला पातेल्यात नुसता रस्सा उरला. माझ्या सासूबाई आणि मोठी नणंद रस्सा-भात खाऊन उठल्या. कुणी काही बोललं नाही. पण फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा डबा तसाच होता आणि गुलाबजाम दोन दिवस पुरले. त्या सणाची किराणा दुकानातली उधारी मी मार्चपर्यंत फेडत होते. तेव्हापासून यादी करताना आधी माणसं मोजते, मग मटण ठरवते, आणि उरलेल्या पैशात बसतील तेवढेच बाकीचे पदार्थ.

तुमची माणसं मोजू. लेकराचं अर्धं ताट धरलं तर चौदा मोठी आणि सहा लेकरांची तीन, अशी सतरा ताटं. दोघी शाकाहारी वजा केल्या की मटणाची पंधरा. हाडासकट मटण ताटामागं 200 ग्रॅम धरलं की कुणाला कमी पडत नाही, म्हणजे तीन किलो. बिर्याणीसाठी दोन किलो चिकन आणि दीड किलो तांदूळ घ्या. आणखी अर्धा किलो तांदूळ साध्या भाताला, तो म्हातारी माणसं आणि लेकरं खातात. भाकरीसाठी ज्वारीचं दोन किलो पीठ, त्याच्या पंचवीसेक भाकरी होतात. पुऱ्या काढून टाका. वीस माणसांच्या पुऱ्या तळायच्या तर तेल, गॅस आणि तुमची पूर्ण सकाळ जाते. आणि मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करणाऱ्या माणसाला पुरी हवीच असते असं मला कधी दिसलं नाही.

आता पैसे. भाव तुमच्याकडं थोडे वरखाली असतील. मी मटण किलोला 800 आणि चिकन 240 धरते. तीन किलो मटण आणि दोन किलो चिकन मिळून 2,880. तांदूळ आणि पीठ 320. कांदे, टोमॅटो, आलं-लसूण, खोबरं, कोथिंबीर, काकडी-गाजर, तेल, दही आणि वरचा मसाला मिळून 910. शाकाहारी कोरड्यासाला, म्हणजे आमटी-भाजीला, 120. शेवयाची खीर आणि घरचा केक 730. दोन वेळचा चहा, पाण्याचे जार, पत्रावळ्या 350. बेरीज 5,310. तुमच्याकडं 1,690 उरतात, आणि ते उरायलाच हवेत. कारण खालचा खर्च तुम्ही यादीत धरलेलाच नाही.

तो म्हणजे 24 तारखेचा. रात्री मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, कॅरोलवाली पोरं दारात येतात, पंचवीस-तीस जण, थंडीत गात गात. त्यांना चहा आणि फराळ द्यावाच लागतो, आणि द्यावासा वाटतोही. शिवाय दिवाळीत शेजारपाजारच्या दहा-बारा घरांतून आपल्याकडं फराळाची ताटं आलेली असतात, ती नाताळात भरून परत जातात. आपल्याकडं हे असंच चालत आलंय आणि मला ते फार प्रिय आहे. त्यासाठी 1,000 रुपये वेगळे काढा आणि ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच खर्च करून टाका. शंकरपाळ्या, चिवडा, थोड्या करंज्या घरी करा. बिस्किटांसाठी मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जा. ते किलोमागं मजुरी घेऊन भट्टीत भाजून देतात. डबाभर नानकटाई विकतच्या मानानं फार स्वस्तात पडते आणि पंधरा-वीस दिवस टिकते. फक्त 20 तारखेनंतर जाऊ नका. तेव्हा सगळ्या मंडळीची पिठं तिथं रांगेत असतात.

उरलेले 690 पाकिटात घालून देवघरातल्या बायबलजवळ, कपाटात, कुठंही ठेवा, पण 25 च्या सकाळपर्यंत हात लावू नका. ऐनवेळी लिंबं संपतात, गॅस संपतो, कुणाचा पाहुणा सोबत येतो.

दिवाळीला बोनस असतो, सोयाबीनचे पैसे आलेले असतात, दुकानांत सूट असते. नाताळ येतो 25 तारखेला, महिन्याच्या अगदी शेवटी, आणि पुढचा पगार अजून आठवडाभर लांब असतो. माझ्या घरच्यांची नोकरी स्टीलच्या कारखान्यात, म्हणून हे मला चांगलं ठाऊक आहे. आम्ही दहा बायकांनी भिशी लावलीय, तिच्यात डिसेंबरचा नंबर मी दरवर्षी मागून घेते. यंदा तुम्हाला ते जमणार नाही, पण कोरडा किराणा, म्हणजे तांदूळ, तेल, साखर, शेवया, खोबरं, नोव्हेंबरच्या पगारातच भरून ठेवा. मग 20 नंतर फक्त मटण, भाजी आणि दूध उरतं. चांदणी आणि लाइटच्या माळा दिवाळी झाल्या झाल्या घ्यायच्या, तेव्हा दुकानदार त्या कमी भावात काढून टाकतात.

मटणाचं जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात मोठी रक्कम तीच आहे. तुम्ही लिहिलंय की दीर म्हणतात, चार घरं मिळून बोकड घेऊन वाटे घालू, स्वस्त पडेल. पडतं, पण वाटतं तेवढं नाही. जिवंत वजनाच्या निम्म्याहून थोडं कमी मटण निघतं. 20 किलोचा बोकड असेल तर साधारण साडेनऊ किलो धरा. त्याचे 7,000 मागितले आणि खाटकाची मजुरी 500 धरली तर मटण किलोला 790 च्या आसपास जातं, म्हणजे दुकानापेक्षा दहाच रुपये कमी. फायदा असतो तो काळीज, वजडी, मुंडी आणि पायांचा. ते वाट्यात वरचे मिळतात. तुमच्या घरी ते आवडीनं खात असतील तर वाटा घ्या, नाहीतर दुकानातून हवा तो भाग निवडून घ्या. रश्श्याला सीना, चाप आणि नळ्या सांगा. चरबी आणि हाडांमुळं रश्श्याला चव येते. नुसती मांडी घेतली तर तुकडे छान दिसतात, पण रस्सा पाणचट लागतो.

रस्सा वाढवायचा तर पाणी ओतून वाढवू नका, येसर, म्हणजे भाजलेल्या धान्या-डाळींचं मसाल्याचं पीठ, लावा. आपल्या मराठवाड्यात ते घरोघर असतं, नसेल तर आईला मागा. मटण आधी हळद-मीठ, आलं-लसूण घालून भरपूर पाण्यात शिजवा. त्यातलं चार-पाच वाट्या आळणी, म्हणजे ते बिनतिखटाचं पाणी, बाजूला काढा, लेकरांना आणि आजारी माणसांना ते भातावर द्या. त्यांना तिखट नको असतं, म्हणून वेगळं काही करायची गरज पडत नाही. मग भाजलेला कांदा-खोबरं, काळा मसाला आणि दोन पळ्या येसर. तीन किलोत चांगलं मोठं पातेलं भरून दाट रस्सा होतो आणि दुसऱ्या पंगतीलाही पुरतो. तुकडे मात्र वाढायच्या आधी अर्धे वेगळ्या पातेल्यात काढून झाकून ठेवा. ते दुसऱ्या पंगतीचे. बायका नेहमी शेवटी बसतात, म्हणून हे ठरवून करायचं.

शाकाहारी दोघींसाठी वेगळी महागडी पनीरची भाजी नको. डिसेंबरात तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात असतात. त्या सोल्यांची आमटी आणि वांग्याचं भरीत करा. 120 रुपयांत होतं, आणि मटण खाणारेसुद्धा वाटी पुढं करतात. शाकाहारी दोघींचं पातेलं, पळी वेगळी ठेवा आणि त्यांचं आधी शिजवा. हे त्यांना सांगितलं तरी त्यांना बरं वाटतं. ज्या वर्षी 25 तारीख मार्गशीर्षातल्या गुरुवारी येते, त्या वर्षी उपास करणाऱ्या शेजारणींना मी दुपारी बोलावत नाही. संध्याकाळी केक आणि फराळाचं ताट घेऊन मीच जाते.

मासे, सिक्स्टी-फाइव्ह, गुलाबजाम, आइस्क्रीम आणि कोल्ड्रिंक काढलं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. लेकरांसाठी जीव तुटत असेल तर आइस्क्रीम राहू द्या, पण ते माहेरच्यांना आणायला सांगा. तुम्ही लिहिलंय की "पाहुण्यांना काही आणायला सांगायची लाज वाटते." मला हे वाचून वाईट वाटलं. मंडळीत प्रीतिभोजन असतं तेव्हा आपण सगळे वर्गणी देतो, कुणी तांदूळ देतं, कुणी भाकरी करून आणतं, आणि त्यात कुणालाच कमीपणा वाटत नाही. मग घरच्या जेवणात का वाटावा? माझी आजी बेथेलची. जालन्याजवळची ही वस्ती एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी वसवली. आजी सांगायची की सणाला प्रत्येक घरची बाई आपल्या चुलीवरच्या भाकऱ्या टोपल्यात घेऊन यायची आणि मगच पंगत बसायची. मी तेच करते. नणंदेला फोन करून सरळ म्हणते, "वन्सं, मटण माझ्याकडं, भाकरी तुमच्या हातच्या पाहिजेत." वहिनीला खीर सांगते. त्या दोघी आनंदानं करतात. सणात आपलाही हात लागला याचं समाधान असतं. फक्त कुणी काय आणायचं ते नावानिशी सांगा. "काहीतरी आणा" म्हटलं की तीन घरांतून तीन केक येतात.

केक बेकरीचा की घरचा, हेही विचारलंत. घरचा. दोन केकला 400 रुपये पुष्कळ झाले. पाव किलो मैदा, तेवढीच साखर आणि लोणी, चार अंडी, थोडी बेकिंग पावडर, टुटीफ्रुटी आणि काजू-बेदाणे. ओव्हन नसेल तर जुन्या कुकरच्या तळाशी मीठ पसरा, वर जाळी ठेवा, शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावा, आणि मंद आचेवर पाऊण तास ठेवा. सुरी कोरडी बाहेर आली की झाला. 23 ला करून ठेवा, 25 पर्यंत आणखी मुरतो. एक केक 24 च्या रात्री कॅरोलवाल्या पोरांसाठी कापा. गाऊन गारठलेल्या त्या पोरांचे चेहरे बघून तुम्हाला पुढच्या वर्षीही तो करावासा वाटेल.

भांडी भाड्यानं आणू नका. मोठं पातेलं आणि परात शेजारून किंवा चर्चमधून मिळतात, पाळकसाहेबांना आठवडाभर आधी सांगून ठेवा. बोकडाच्या वाट्याचं ठरवणार असाल तर दिरांना आजच खाटकाशी बोलायला सांगा. 20 तारीख उलटली की चांगले बोकड ठरलेले असतात आणि मग सांगेल त्या भावाला घ्यावं लागतं.