हेपॅटायटिस बी पॉझिटिव्ह आलो, पण त्रास काहीच नाही. असं कसं?

गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्तदान केलंत आणि आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला. भूक नीट, डोळे पिवळे नाहीत, म्हणून रिपोर्टच चुकला असेल असं तुम्हाला वाटतंय. चुकूही शकतो, पुन्हा तपासा. पण त्रास नाही म्हणजे विषाणू नाही, असं मात्र नाही.

गंमत अशी की हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी सहसा मारत नाही. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेतल्या फ्रान्सिस किसारींनी उंदरांच्या जनुकांतच या विषाणूची प्रथिनं घातली. उंदीर मजेत! त्यांच्या शरीराला ती आपलीच वाटली. ती ओळखणाऱ्या टी पेशी (रोगप्रतिकारक फौजेतल्या पेशी) बाहेरून टोचल्या, तेव्हा कुठे यकृत सुजलं. म्हणजे कावीळ ही मुख्यतः आपल्याच फौजेची धुमश्चक्री. १९९९ मध्ये त्यांच्या गटाने चिंपांझींमध्ये आणखी एक दाखवलं: फारशा पेशी न मारताही बराचसा विषाणू साफ होऊ शकतो. इंटरफेरॉन गॅमासारखी रसायनं ते काम करतात.

मोठेपणी लागण झाली तर बहुतेकांचं शरीर विषाणू हुसकावतं. जन्मताच आईकडून आली, तर सुमारे ९० टक्के बाळांत तो मुक्काम ठोकतो, अनेकदा वर्षानुवर्षं गुपचूप. म्हणून आई आणि भावंडांचीही तपासणी करा.

ससूनमध्ये किंवा पोटविकारतज्ज्ञांकडे जाऊन एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) बघून घ्या. बायकोची तपासणी करून लस द्या. आणि पेठेतल्या कुणी काविळीचा झाडपाला सुचवला, तर हसून नको म्हणा.